ऑक्सिमीटर कोणाचा?

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, बोटाला लावायचा एक छोटा चिमटा महाराष्ट्रात घरोघरी पोचला. कोरोनाआधी तो ऑपरेशन थिएटरमध्ये नाहीतर आयसीयूतच दिसायचा. आदल्या सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतली पथकं थर्मल गनबरोबर तोही घेऊन दारोदार फिरत होती. सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं आणि पुन्हा बोट घालून आकडा बघायचा, हे शाळकरी मुलांनाही पाठ झालं. नातेवाइकांच्या फोनवर ख्यालीखुशालीच्याही आधी ‘सॅच्युरेशन किती?’ हा प्रश्न यायचा आणि आकडा ९४ च्या खाली गेला की बेडसाठी फोनाफोनी सुरू व्हायची.

या चिमट्याविषयी दोन प्रश्न पडतात. पहिला असा, की बोटात कातडी आहे, नख आहे, हाड आहे, मांस आहे. शुद्ध रक्त आणणाऱ्या रोहिण्या आहेत आणि वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या नीलाही आहेत. कुणाचं बोट जाड, कुणाचं बारीक, कुणाचं गोरं, कुणाचं काळं. मग सुई न टोचता, रक्ताचा थेंबही न घेता, नेमक्या रोहिणीतल्या रक्तात प्राणवायू किती हे त्याला कळतं कसं? दुसरा प्रश्न असा, की क्ष-किरण म्हटलं की रोंटगेन आठवतात, स्टेथोस्कोप म्हटलं की लेनेक. आपल्या काळात ज्या यंत्राच्या आकड्यावर लाखो माणसांची धावपळ ठरली, ते कोणी शोधलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे ताकुओ आओयागी, जपानमधल्या निहोन कोहदेन या कंपनीत नोकरी करणारे एक इंजिनिअर. त्यांचं नाव आपल्याला का माहीत नाही आणि ते का माहीत असायला हवं, हे समजायचं तर आधी पहिल्या प्रश्नात शिरावं लागतं.

रक्ताचा रंग काय सांगतो

रक्तातला प्राणवायू तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन वाहून नेतं. प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, कारण ते लाल उजेड फारसा अडवत नाही. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन काळपट दिसतं, कारण ते लाल उजेड बराच गिळून टाकतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात हे उलटं होतं. तिथे प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन जास्त उजेड अडवतं आणि मोकळं हिमोग्लोबिन कमी. म्हणजे एकाच रक्तातून दोन उजेड पाठवले आणि कोणता किती अडला हे मोजलं, तर दोन प्रकारच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण काढता येईल. सॅच्युरेशन ९७ म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू धरायच्या जेवढ्या जागा आहेत, त्यांपैकी शेकडा ९७ भरलेल्या आहेत.

एवढं आओयागींच्या आधीच माहीत होतं. जर्मनीत कार्ल माथेस यांनी १९३५ मध्ये कानाच्या पाळीतून दोन उजेड पाठवून असं मोजमाप केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, उंचावर उडणाऱ्या वैमानिकांची शुद्ध हरपू नये म्हणून ग्लेन मिलिकन यांनी कानाला लावायचं यंत्र बनवलं आणि त्याला ऑक्सिमीटर हे नाव दिलं. पण ही यंत्रं रुग्णाच्या उशाशी टिकली नाहीत. उजेड फक्त रक्त अडवत नाही, कातडी आणि मांसही अडवतात, आणि त्यांचा हिस्सा वजा कसा करायचा हेच कोडं होतं. त्यासाठी कानाची पाळी दाबून आतलं रक्त पिळून काढायचं, बिनरक्ताच्या पाळीतून उजेड किती जातो हे आधी मोजायचं, मग दाब सोडून पुन्हा मोजायचं, असा खटाटोप करावा लागे. शिवाय पाळी गरम ठेवावी लागे, म्हणजे तिच्यात रोहिणीतल्यासारखं ताजं रक्त खेळेल. भूल दिलेल्या, हलवाहलव होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे कोण करत बसणार?

म्हणून भूलतज्ज्ञ ओठांचा आणि नखांचा रंग बघायचे. तो रंग किती फसवा असतो, हे १९४७ मध्ये ज्युलियस कॉम्रो आणि स्टेला बोटेल्हो यांनी तपासलं. सॅच्युरेशन ८० च्या आसपास घसरेपर्यंत बहुतेक निरीक्षकांना निळेपणा खात्रीने ओळखताच आला नाही.

काट्यावर दोनदा चढणारी गाडी

साखर कारखान्याच्या गेटवरचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन नोंदलं जातं. ऊस गव्हाणीत उतरवून ती रिकामी परत येते आणि पुन्हा काट्यावर चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. गाडी ट्रॅक्टरची आहे की बैलांची, ट्रॉली नवी आहे की गंजलेली, याच्याशी काट्यावरच्या माणसाला काही देणंघेणं नसतं. दोन्ही वजनांत ते सारखंच असतं आणि वजाबाकीत आपोआप गळून पडतं.

बोट सेकंदाला एकदा तरी असं भरतं आणि रिकामं होतं. हृदयाचा ठोका पडला की रोहिण्यांतून ताज्या रक्ताची लाट बोटात शिरते आणि तेवढा उजेड जास्त अडतो. लाट ओसरली की तेवढाच उजेड पुन्हा पार जातो. कातडी, हाड, नख, नीलांमधलं संथ रक्त, हे सगळं या दोन क्षणांमध्ये जवळपास जसंच्या तसं राहतं. त्यामुळे भरतीचा आकडा आणि ओहोटीचा आकडा यांच्यातला फरक म्हणजे नुकतंच आलेलं रोहिणीतलं रक्त. कान पिळायला नको, गरम करायला नको, माणूस कोण आहे हे आधी ठाऊक असायला नको. हा फरक अगदी थोडा असतो, पार आलेल्या उजेडाच्या साधारण शेकडा एक-दोन. पण सगळी माहिती त्यातच असते.

उसाचं नुसतं वजन कळून साखरेचा उतारा कळत नाही, तसं एका उजेडाच्या फरकावरून प्राणवायू कळत नाही. म्हणून ही वजाबाकी दोन उजेडांत करायची. चिमट्याच्या एका जबड्यात दोन बारीक एलईडी असतात, एक लाल आणि एक अवरक्त. समोरच्या जबड्यात उजेड मोजणारा सेन्सर असतो. दोन्ही एलईडी आळीपाळीने, सेकंदाला शेकडो वेळा चमकतात, आणि मधल्या अंधाऱ्या क्षणात सेन्सर खोलीतल्या उजेडाचा हिशेब करून तो वजा करतो. आपल्या डोळ्यांना फक्त लाल दिसतो. दुसरा उजेड काही मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून फिकट जांभळा दिसतो.

आता लाल उजेडातली लाट एकूण लाल उजेडाच्या किती हिस्सा आहे हे काढायचं, अवरक्तातही तेच करायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. हा भागाकार ०.५ च्या आसपास आला तर सॅच्युरेशन जवळपास पूर्ण आहे. तो १ आला तर सॅच्युरेशन साधारण ८५ आहे. यातून घरी उपयोगी पडणारी एक गोष्टही कळते. चिमटा सैल असेल, बोट थरथरत असेल, तर दोन्ही उजेडांत सारखाच गोंधळ घुसतो, भागाकार १ कडे सरकतो आणि माणूस धडधाकट असूनही पडद्यावर ८५ च्या आसपासचा आकडा रेंगाळतो.

घरी मोजताना (चौकट)

हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणावी, कारण गारठ्याने बोटातली रक्ताची लाट बारीक होते. गडद नेलपॉलिश उजेड अडवते, ते काढावं. बोट चिमट्यात पूर्ण घालून, हात टेकवून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर सॅच्युरेशनच्या आकड्यावरही विसंबू नये. बंद खोलीतल्या शेगडीचा किंवा गिझरचा धूर छातीत गेला असेल तर चांगला आकडा बघून निर्धास्त होऊ नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या दोन उजेडांना प्राणवायू धरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच भासतं. आकडा ठीक असूनही धाप लागत असेल तर डॉक्टर गाठावा.

नको असलेली लाट

आओयागी ऑक्सिमीटर बनवायला बसलेच नव्हते. त्यांचा जन्म १९३६ चा, निगाता प्रांतातला. तिथल्याच विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी शिकून त्यांनी आधी शिमाद्झू कंपनीत काम केलं आणि १९७१ मध्ये ते निहोन कोहदेनमध्ये आले. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. त्याची एक पद्धत अशी, की शिरेतून थोडा रंग टोचायचा आणि पुढे तो रक्तात किती वेगाने पातळ होत जातो ते बघायचं. त्यासाठी रोहिणीतून रक्त काढत राहावं लागे. आओयागींना ते कानातून उजेड पाठवून, न टोचता करायचं होतं.

पण कागदावर उमटणाऱ्या रेषेवर प्रत्येक ठोक्याला एक लाट उठायची आणि रंगाची मूळ रेषा वाचणं कठीण व्हायचं. ती लाट पुसायला त्यांनी दुसरा उजेड घेतला, ज्याला तो रंग अडवत नव्हता. ठोक्याची लाट दोन्ही उजेडांत येणार, मग एकीने दुसरी मारता येईल, असा साधा विचार. युक्ती चालली आणि लाट नाहीशी झाली. मात्र रक्तातला प्राणवायू कमीजास्त झाला की जुळवलेला हिशेब बिघडायचा आणि पुसलेली लाट पुन्हा डोकं वर काढायची.

इथे दुसऱ्या कोणी चांगली गाळणी शोधली असती. आओयागींनी लाट पुन्हा का येते हा प्रश्न धरला. प्राणवायू बदलल्याने हिशेब बिघडत असेल, तर तो किती बिघडला यावरून प्राणवायू काढता येईल. आणि ही लाट रोहिणीतल्या रक्ताचीच असल्यामुळे निघणारा आकडाही रोहिणीतल्याच रक्ताचा असेल. कार्ल माथेसपासून सगळ्यांना छळणारं कोडं या एका वळणाने सुटलं. हे १९७२ च्या अखेरीचं. माझ्या मते आओयागींचं श्रेय नेमकं इथे आहे. दोन उजेड जुने होते, कानाला लावायचं यंत्र जुनं होतं, नाडीची लाटही सगळ्यांनी पाहिली होती. ज्या लाटेला सगळे अडथळा म्हणत होते तीच मोजायची आहे, हे त्यांनी पाहिलं.

श्रेय कसं निसटतं

२९ मार्च १९७४ रोजी निहोन कोहदेनने आओयागी आणि त्यांचे सहकारी मिचिओ किशी यांच्या नावाने जपानमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. महिनाही उलटला नव्हता तोच, २४ एप्रिलला, कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिनोल्टा कंपनीने जवळपास याच कल्पनेसाठी अर्ज केला. तिथल्या अभियंत्यांना ती स्वतंत्रपणे सुचली होती. आओयागींनी आपलं काम त्यानंतर, एप्रिलअखेरीस, एका जपानी परिषदेत जपानी भाषेत मांडलं. पेटंट मिळतं ते आधी अर्ज करणाऱ्याला आणि फक्त ज्या देशात अर्ज केला त्या देशात. जपानमध्ये मिनोल्टाचा अर्ज फेटाळला गेला. पण निहोन कोहदेनने परदेशात अर्जच केला नव्हता, आणि अमेरिकेतलं पेटंट मिनोल्टाला मिळालं.

१९७५ मध्ये निहोन कोहदेनचं कानाला लावायचं यंत्र आलं. साप्पोरोतले शल्यचिकित्सक सुसुमु नाकाजिमा यांनी ते रुग्णांवर तपासलं. पण कंपनीने तो धागा पुढे ओढला नाही आणि आओयागींना दुसऱ्या कामावर घातलं. १९७७ मध्ये मिनोल्टाने बोटाला लावायचं यंत्र विकायला काढलं. पुढची पावलं अमेरिकेत पडली. कोलोरॅडोतल्या बायॉक्स कंपनीने दिव्याच्या जागी एलईडी आणले. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ विल्यम न्यू यांनी भागीदारांबरोबर १९८१ मध्ये नेलकॉर कंपनी काढली. तिच्या यंत्रात एक फार मोलाची गोष्ट होती. सॅच्युरेशन घसरलं की ठोक्याच्या बीपचा सूर खाली उतरायचा, त्यामुळे रुग्णाकडे लक्ष ठेवताना डॉक्टरला पडद्याकडे मान वळवावी लागत नसे. १९९० पासून अमेरिकेत भूल देताना असं यंत्र लावणं व्यावसायिक मानकांनुसार सक्तीचं झालं.

यात कोणी चोरी केली नाही. एलईडी, सूर, विक्री, हेही खरंखुरं काम होतं, त्याच्याशिवाय यंत्र खाटेपर्यंत आलंच नसतं. पण वैद्यकीय तंत्रज्ञानाची रीतच अशी आहे, की यंत्रावर कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि ज्याने मूळ वळण घेतलं तो पगारी माणूस कागदपत्रांत राहतो. वैज्ञानिकाचं नाव त्याच्या लेखावर असतं, इंजिनिअरचं काम मात्र उत्पादनात विरघळतं. भाषेची आणखी एक भिंत होती. इंग्रजीत न आलेला शोध १९८० च्या दशकातल्या अमेरिकी डॉक्टरांसाठी नसल्यासारखाच होता.

शोध लावणाऱ्याचा शोध

ही भिंत जॉन सेव्हरिंगहाऊस यांनी ओलांडली. सॅन फ्रान्सिस्कोचे हे भूलतज्ज्ञ स्वतः मोठे यंत्रकर्ते होते. रक्तातला कर्बवायू मोजायचा इलेक्ट्रोड आणि पहिलं ब्लड गॅस यंत्र ही त्यांची कामगिरी. रक्तातल्या वायूंच्या मोजमापाचा इतिहास ते भागाभागाने लिहीत होते. १९८७ मध्ये योशियुकी होंडा या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी पल्स ऑक्सिमेट्रीचा भाग लिहिला आणि त्यात कल्पनेचं मूळ १९७० च्या दशकातल्या आओयागींच्या कामापर्यंत नेऊन पोचवलं. मूळ टिपण जपानीत असताना सहलेखक जपानी असणं किती महत्त्वाचं होतं, हे सांगायला नको.

त्यानंतर सन्मानाची दारं उघडली. १९९३ मध्ये टोकियो विद्यापीठाने आओयागींना डॉक्टरेट दिली. २००२ मध्ये जपान सरकारचं जांभळ्या फितीचं पदक मिळालं. २०१५ मध्ये विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने आरोग्य-तंत्रज्ञानातल्या नवनिर्मितीसाठीचं पदक त्यांना दिलं. कल्पना सुचली तेव्हा ते छत्तिशीत होते, हे पदक मिळालं तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे.

अशा सन्मानांकडे नुसता समारंभ म्हणून पाहणं मला पटत नाही. पदक द्यायचं तर कुणीतरी बसून तपासावं लागतं, की दहा हातांतून गेलेल्या वस्तूत कुठलं पाऊल दुसऱ्यांच्या पावलांसारखं नव्हतं. हे काम अवघड आहे आणि वादाचंही. एमआरआयसाठी २००३ चं नोबेल पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, तेव्हा रेमंड दमाडियन यांच्या समर्थकांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. उलट सीटी स्कॅनसाठी १९७९ च्या नोबेलचे मानकरी गॉडफ्री हाउन्सफिल्ड हे ईएमआय कंपनीतले, डॉक्टरेट नसलेले इंजिनिअर होते आणि त्यांच्या बरोबरीने अॅलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाचं स्वतंत्र गणिती काम शोधून त्यालाही मान दिला गेला. तपास नीट झाला की कंपनीच्या भिंतीआडचा माणूस दिसतो. आओयागींच्या बाबतीत सेव्हरिंगहाऊस आणि होंडांनी तो तपास केला नसता, तर पदक देणाऱ्यांपुढे त्यांचं नाव आलं असतं का, याची मला शंका वाटते.

शोध सगळ्यांपर्यंत पोचवणाऱ्यांचीही नोंद इथे करायला हवी. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की जगातल्या सुमारे ७७ हजार ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिमीटर नाही. ती उणीव भरून काढायला २०११ मध्ये लाइफबॉक्स ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत शल्यचिकित्सक-लेखक अतुल गवांदे आहेत, ज्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड परिसरातलं. स्वस्त, दणकट, गरीब देशांतल्या थिएटरमध्ये टिकेल असं यंत्र पुरवणं आणि ते वापरायला शिकवणं, हे या संस्थेचं काम.

अपुरा राहिलेला हिशेब

वजाबाकीत कातडीचा रंग गळून पडायला हवा. तो पूर्णपणे गळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मायकेल श्योडिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी रुग्णांची तुलना छापली. बोटावरचा आकडा ९२ ते ९६ असूनही रोहिणीतल्या रक्ताच्या थेट तपासणीत सॅच्युरेशन ८८ च्या खाली निघणं, हे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजमापांत आढळलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत. सावळ्या-काळ्या माणसांच्या आपल्या देशाने हा आकडा फार गांभीर्याने घ्यायला हवा.

याचं मूळ त्या भागाकारात आहे. भागाकारावरून सॅच्युरेशन काढायला शुद्ध सूत्र नाही, तक्ता आहे. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देतात, त्यांच्या रोहिणीतलं रक्त काढून तपासतात, त्याच क्षणी यंत्राचा भागाकार टिपतात आणि तक्ता भरतात. सुरक्षिततेसाठी सॅच्युरेशन साधारण ७० च्या खाली नेत नाहीत, त्यामुळे त्याखालचे आकडे तक्ता पुढे ताणून काढलेले असतात. तक्ता ज्यांच्या बोटांवर बनला, त्यांच्यासारख्या बोटांवर तो जास्त खरा ठरतो. एलईडीचा उजेड काटेकोर एका रंगाचा नसतो, बोटात तो विखुरतो, आणि कातडीतलं काळं द्रव्य त्यातले काही रंग जास्त गाळतं, म्हणून हिशेब तंतोतंत जुळत नाही.

या तक्त्याचं आओयागींना कधीच समाधान नव्हतं. उतारवयातही ते निहोन कोहदेनमध्ये उजेड बोटात कसा विखुरतो याचं गणित मांडत राहिले. दोनाऐवजी अनेक रंगांचे उजेड वापरून तक्त्याशिवाय, सिद्धांतावरूनच सॅच्युरेशन काढता यावं, असा त्यांचा प्रयत्न होता. २००७ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. १८ एप्रिल २०२० रोजी, जगभर माणसं बोटावरचे आकडे मोजू लागली होती तेव्हा, टोकियोत वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. घराघरांतले चिमटे आजही दोनच उजेडांवर आणि तक्त्यावर चालतात.